मुदतीचे लेखन : मंडईच्या रात्रीपासून पन्नास तासांच्या चित्रपटापर्यंत

हौशी नाटककार आणि हौशी पटकथाकार यांच्या वह्यांमध्ये एक साम्य असते. दोघांच्याही वहीत सुरुवात असते. पहिला प्रवेश झकास रंगलेला असतो, पात्रांची यादी सुवाच्य अक्षरात असते, कधीकधी मुखपृष्ठही काढलेले असते; आणि मग सतराव्या-अठराव्या पानावर मजकूर थांबतो. गेली वीसेक वर्षे मी पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या हस्तलिखित संहिता मिळतील तशा जमा करतो आहे. हा माझा व्यवसाय नाही आणि या विषयातली पदवीही माझ्याकडे नाही. पण वह्या हाताळून एक गोष्ट ध्यानात आली. ज्या संहिता पूर्ण आहेत, त्यांच्या शेवटच्या पानावर बहुधा एक तारीख असते आणि ती प्रयोगाची असते. अमुक गावची मंडई, तमुक गावचा पट. गावाने मांडव ठरवला होता म्हणून लेखकाने वही पूर्ण केली.

अलीकडे तरुण मुले मोबाइलवर लघुपट काढतात, आणि त्यांच्या बोलण्यात ‘अठ्ठेचाळीस तास’, ‘पन्नास तास’ असे शब्द येतात. ठरलेल्या घटकेला विषय हाती पडतो, तेव्हापासून घड्याळ सुरू होते, आणि दोन दिवसांत कथा लिहून, चित्रित करून, जोडून पाठवायची असते. हे नवे फॅड आहे असे पुष्कळ जाणत्यांचे मत. मला ते फार जुने वाटते. ज्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, निर्माता नाही, अशा लेखकाचे लिखाण मंचावर किंवा पडद्यावर पोहोचायला आपल्याकडे मुदतीखेरीज दुसरा रस्ता क्वचितच होता. त्या रस्त्याचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी जगातले एक उदाहरण सांगतो, कारण ते फार बोलके आहे. १८१६च्या जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या एका बंगल्यात पावसाने अडकून पडलेल्या मंडळींत कवी बायरनने पैज लावली की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. तिथे दोन नामांकित कवी होते, बायरन आणि शेली. एक तरुण डॉक्टर होता, पोलिडोरी. आणि अठरा वर्षांची मेरी होती. दोन्ही कवींचे लिखाण अर्धवट राहिले. मेरीची गोष्ट १८१८मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून छापून आली आणि डॉक्टरची ‘द व्हॅम्पायर’ १८१९मध्ये. ज्यांना लेखक म्हणून नाव होते त्यांनी पैज सोडून दिली, आणि ज्यांना नव्हते त्यांनी ती शेवटास नेली. पुढे १९१०मध्ये एडिसनच्या कंपनीने मेरीच्या त्या कथेवर सुमारे पंधरा मिनिटांचा मूकपट काढला. म्हणजे पैजेच्या लिखाणातून लघुपट निघायला तेव्हा चौऱ्याण्णव वर्षे लागली. आज रविवारी संध्याकाळी निघतो.

आता झाडीकडे येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. इटियाडोह त्यातच येते. हे नाव बाहेरच्यांना धरणाचे म्हणून माहीत आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर हे धरण बांधले गेले आणि १९७०च्या सुमारास पुरे झाले. त्याचे पाणी आमच्या तालुक्याला जाते, तसेच कालव्याने खाली लाखांदूर, वडसा आणि आरमोरीकडेही जाते. वडसा म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे एकाला एक लागून आहेत. गोंदिया–बल्लारशा रेल्वेने आमच्या अर्जुनीहून वडसा जवळ. नागपूर-मुंबईचे कलावंत हंगामात तिथेच उतरतात.

या रंगभूमीचे घड्याळ धानाने लावलेले आहे. पहिल्या पावसात पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणा, आणि दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी. रोवणा आटोपल्यावर कापणीपर्यंत मधला थोडा सैल काळ मिळतो, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा. जुन्या काळी गावातली दंडारीची आणि नाटकाची मंडळी याच काळात रात्री जमत. मग भाऊबिजेपासून मंडया सुरू होतात. ज्या गावाची मंडई त्या दिवशी त्या गावात लेकी-जावई, सोयरे-धायरे जमतात. दिवसभर बाजार, आणि रात्री नाटक, दंडार किंवा खडी गंमत. पुढे हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्री पुन्हा नाटके. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो आणि पहाटेला पडतो.

मंडईची तारीख लेखकासाठी पुढे ढकलत नाहीत. पाहुण्यांना निरोप गेलेले असतात, मांडवाचा पैसा दिलेला असतो. झाडीतल्या लेखकाला म्हणूनच ‘सुचले नाही’ म्हणण्याची सोय कधी नव्हती. कंपनीकडे यंदा कोणते नट आहेत, विनोदी कोण, खलनायक कोण, लावणी कोण करणार, हे आधी ठरते आणि संहिता त्यावर बेतली जाते. तालमी मोजक्याच, उरलेले काम विंगेतला प्रॉम्प्टर सांभाळतो. पुण्या-मुंबईकडच्या अभ्यासकांना हा प्रकार उतावळा वाटतो. त्यात उतावळेपणा आहेच. अनेक संहितांत दुसऱ्या अंकातली बहीण तिसऱ्या अंकात वहिनी झालेली मी पाहिली आहे. पण गावात शिक्षकी करणारा, शेती करणारा, पानठेला चालवणारा माणूस नाटककार होऊ शकला तो या पद्धतीमुळेच. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीच्या नटांकडे देशाचे लक्ष गेले. लेखकांकडे अजून गेलेले नाही.

धरणाचा इथे एक संबंध आहे, आणि तो माझा तर्क म्हणूनच मांडतो. कालव्याचे पाणी आल्यावर आमच्याकडे उन्हाळी धान सुरू झाले. पौष-माघ हे पूर्वी रिकामे महिने होते, त्यांतच दुसरा रोवणा येऊन बसला. गावच्या हौशी मंडळींचे नाटक होई तो वेळ गेला, पण हातात दोन पैसे जास्त आले. त्या पैशातून गावाने वडशाची कंपनी बोलवायला सुरुवात केली. धंदेवाईक नाटक वाढले आणि गावातले हौशी नाटक मागे पडले, त्याला सिनेमा-टीव्हीपेक्षा पाण्याची पाळी अधिक कारण असावी असे मला वाटते. शंकरपटाचे निराळेच. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. ती डिसेंबर २०२१मध्ये सशर्त उठली आणि २०२३मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला. मधल्या सात वर्षांत पटाच्या तारखा गेल्या, आणि तारखांबरोबर त्यांच्यासाठी लिहायचे लिखाणही गेले. माझ्या संग्रहात त्या वर्षांच्या वह्या इतर वर्षांच्या मानाने फारच कमी आहेत.

शहरी मराठी रंगभूमीला मंडई नव्हती. तिने स्पर्धा उभ्या केल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर लगेच सुरू झालेल्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेने आता साठी ओलांडली आहे. या स्पर्धेची एक खुबी फारशी कोणी नोंदवत नाही. नाटक करायचे तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. सेन्सॉर म्हणून त्या मंडळावर टीका झाली आहे आणि ती बव्हंशी रास्त आहे. पण त्याचा एक न ठरवलेला फायदा असा झाला की प्रयोगाच्या बऱ्याच आधी संहिता शेवटच्या ओळीपर्यंत लिहून, टंकलिखित करून टपालात टाकावी लागे. जिल्ह्याच्या गावातल्या कितीतरी लेखकांना तिसरा अंक सरकारी मुदतीने लिहायला लावला.

या स्पर्धेने मराठीला काय दिले याचे एकच उदाहरण घेतो, ते पुरेसे आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने राज्य नाट्य स्पर्धेसाठी केले, डिसेंबर १९६७मध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर आले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. हातात मुदत होती आणि लेखक चालढकल करत होता. बेणारेचे शेवटचे दीर्घ स्वगत लेखकाच्या मनात मुळात नव्हते, ते दिग्दर्शकाने हट्टाने लिहून घेतले, ही हकीकत नाट्यवर्तुळात पुष्कळदा सांगितली गेली आहे. आज ते स्वगत काढून नाटकाचा विचारच करता येत नाही. कल्पनाही मजेशीर रीतीने आलेली. कुठेतरी अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला निघालेल्या हौशी मंडळींशी तेंडुलकरांची गाठ पडली, त्यांच्या आपापसातल्या बोलण्यातून बीज मिळाले. नाटकातली मंडळीसुद्धा हौशीच. एका गावात प्रयोगाला आलेली, रात्रीच्या खेळाआधीचे काही तास कसे काढायचे म्हणून खोटा खटला मांडणारी. पुढे १९७१मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा, आणि बेणारे पुन्हा सुलभाताईच. स्पर्धेच्या मुदतीत लिहिले गेलेले नाटक चार वर्षांत पडद्यावर गेले, तेही व्यावसायिक चित्रसृष्टीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या हातून.

तेंडुलकर तेव्हा हौशी नव्हते, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यांची काही नाटके आधीच गाजलेली होती. पण नाटकाची यंत्रणा सगळी हौशी होती. पोटासाठी दुसरे काही करणारी माणसे संध्याकाळी तालमीला जमत होती, आणि स्पर्धेची तारीख नसती तर लेखकाला असे दाराशी धरून बसवण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हता. हा अधिकार महत्त्वाचा आहे. मुदत आली की दिग्दर्शक, नट, पडदा ओढणारा पोऱ्या, सगळ्यांनाच लेखकाला ‘झालं का?’ असे विचारता येते.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३मध्ये महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू केला. तासाभराची एकांकिका, भरत नाट्य मंदिरचा मंच, चिठ्ठी टाकून ठरणारा आपला दिवस. चिठ्ठी निघाली की त्या दिवसापासून उलटे मोजायचे. एकांकिकेचे तासाचे बंधन मला पटकथेच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते, कारण तीन अंकी नाटकात लेखक पहिला अंक नुसत्या ओळखीत घालवू शकतो, एकांकिकेत तशी चैन नसते. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे यांच्यापासून आजच्या कित्येक चित्रपट दिग्दर्शकांपर्यंत पुण्याची जी मंडळी पुढे आली, ती विद्यार्थिदशेत या तासाच्या शाळेत बसलेली होती. एकांकिकेतून चित्रपट होतो याचा आमच्या विदर्भाला अभिमान वाटावा असा दाखला महेश एलकुंचवारांचा. त्यांच्या ‘होळी’ या वसतिगृहातल्या मुलांच्या एकांकिकेवर केतन मेहतांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर चित्रपट केला. आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर त्यात पोरगेले दिसतात.

नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ची गोष्ट या विषयाला आणखी जवळची आहे. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करताना त्यांनी तो लघुपट केला. अभ्यासक्रमाचे काम म्हणजे मुदत आलीच. शाळेची ओढ लागलेल्या, चोरीकडे ढकलल्या गेलेल्या एका भटक्या समाजातल्या मुलाची ती पंधरा मिनिटांची गोष्ट. तिला २०१०च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातल्या लघुपट दिग्दर्शनाचा सन्मान मिळाला, आणि त्यानंतर ‘फँड्री’चा रस्ता मोकळा झाला. पुढचा त्यांचाच ‘पावसाचा निबंध’ पाहा. गळक्या घरातला मुलगा उद्या शाळेत द्यायचा पावसावरचा निबंध लिहू पाहतो आणि पाऊसच लिहू देत नाही. मुदतीच्या लेखनावर याहून चांगला लघुपट मराठीत नसेल.

(इथे एक कंसातली गोष्ट. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकांनाही दरवर्षी एक मुदत लागू झाली. मराठी कथेचा भाद्रपदात अचानक येणारा बहर हा त्याचा पुरावा. हा लेखही संपादकांच्या तिसऱ्या फोननंतर पूर्ण झाला आहे.)

आता चित्रपटाच्या प्रत्यक्ष घड्याळी स्पर्धांकडे. न्यूयॉर्कमध्ये १९९५पासून चोवीस तासांत नाटक लिहून बसवण्याचा उपक्रम चालू झाला. तेच चित्रपटात करून पाहावे म्हणून मार्क रुपर्ट आणि लिझ लँगस्टन यांनी २००१मध्ये वॉशिंग्टनला अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा घेतली. शुक्रवारी संध्याकाळी संघाने चिठ्ठी उचलायची. त्यात चित्रप्रकार निघतो, भयपट, विनोदी, गुप्तहेरी, जे असेल ते. शिवाय सगळ्या संघांना एक समान पात्र, एक समान वस्तू आणि एक समान वाक्य दिले जाते. ते चित्रपटात आलेच पाहिजे. चार ते सात मिनिटांचा पट रविवारी संध्याकाळी जमा. वस्तू आणि वाक्य देण्यामागचा हेतू साधा आहे: आधी करून ठेवलेला पट कोणी आणू नये. पण लेखकाला त्याचा वेगळाच उपयोग होतो. कोऱ्या पानाची भीती जाते. समोर छत्री ठेवली आणि ‘हिच्यावर लिही’ म्हटले की शेतकऱ्याच्या पोरालाही लिहिता येते. ‘जीवनावर लिही’ म्हटले की प्राध्यापकही अडतो.

भारतात या पद्धतीची मोठी स्पर्धा २०११मध्ये अहमदाबादेतून सुरू झाली, इंडिया फिल्म प्रोजेक्ट या नावाने, पन्नास तासांची. तिच्यात व्यावसायिक, हौशी आणि मोबाइल असे गट पाडल्यामुळे खेड्यातल्या मुलांनाही आत शिरता आले. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा अडसर आणखी कमी झाला. गोव्यातल्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२१पासून पंचाहत्तर तरुण कलावंत निवडण्याचा उपक्रम आहे. २०२२मध्ये महोत्सव त्रेपन्नावा होता म्हणून निवडलेल्या पंचाहत्तर जणांचे पाच संघ करून त्रेपन्न तासांत पाच लघुपट करायला लावले गेले. पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस तास झाले. २०२४मध्ये संख्या शंभरावर गेली. म्हणजे एकेकाळी मित्रमंडळींची पैज होती, ती आता सरकारी महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत आहे. राज्य नाट्य स्पर्धेनंतर साठ वर्षांनी सरकार पुन्हा मुदतीकडे वळले, असेही म्हणता येईल.

हे सगळे इटियाडोहला कसे पोहोचते ते सांगतो. धरणाच्या अलीकडच्या एका गावातले पाच जण, तीन मुले आणि दोन मुली, माझ्याकडे जुन्या संहिता वाचायला येत. त्यांच्यातल्या एकाने धरणात गेलेल्या घराची मोठी पटकथा लिहायला घेतली होती. चार वर्षे, चाळीस पाने. विचारले की उत्तर ठरलेले, “काका, शेवट काही सापडून नाही राहिला.” त्यात उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बुडालेला उंबरठा वर येतो असे मोठे दृश्य होते. ते दृश्य कसे दाखवायचे यावरच चार वर्षे गेली. मग एका पन्नास तासांच्या मोबाइल स्पर्धेत या पाच जणांनी नाव घातले. विषय आला, ‘न दिसणारी गोष्ट’ अशा अर्थाचा. दिवस पावसाळा संपतानाचे, धरण तुडुंब. उंबरठा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

रात्रीतून त्यांनी चार पाने लिहिली. एक म्हातारा काठावर बसला आहे आणि शेजारच्या नातीला पाण्यावर बोट दाखवून सांगतो आहे, हे अमक्याचे घर, ही विहीर, इथे देवळाचा पार, आणि हे आपले. पडद्यावर सपाट पाणी आणि एक बोट, एवढेच. म्हाताऱ्याचे काम एकीच्या आजोबांनी केले. त्यांना वाक्ये पाठ होईनात म्हणून शेवटी ‘तुमच्याच मनानं सांगा’ म्हटले, आणि ते झाडीबोलीत बोलले. वहीतले संवाद प्रमाण मराठीत होते. वेळ असता तर आजोबांकडून प्रमाण मराठी घोटून घेतले असते, हे त्या मुलांनीच मला सांगितले. दुसऱ्या रात्री पट जोडून झाला, पण गावात नेटवर्क धड नाही, तेव्हा दोघे मोटारसायकलने अर्जुनीला गेले आणि बसस्थानकाजवळ उभे राहून त्यांनी तो पाठवला. मुदत संपायला वीस मिनिटे होती.

बक्षीस मिळाले नाही. पण त्या वर्षीच्या मंडईत नाटकाआधी कंपनीच्या मालकाने दहा मिनिटे दिली आणि पांढऱ्या कापडावर तो पट दाखवला गेला. साडेचार मिनिटांचा पट. संपल्यावर टाळ्यांच्या आधी मागच्या बाजूने एका वयस्कर बाईंचा आवाज आला, “तथं नाई जी, विहीर तिकडं होती.” मग तिथेच मांडवात विहीर कुठे होती यावर जुन्या माणसांत वाद लागला, आणि नाटक वीस मिनिटे उशिरा सुरू झाले. त्या वादातली माहिती मी त्याच रात्री टिपून घेतली. विहिरीची जागा, पाराखालच्या दगडाचे नाव, कोणाच्या वाड्यात पहिला रेडिओ आला. असे काही मला मुलाखती घेऊन वर्षानुवर्षांत मिळाले नव्हते.

मुदतीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. घाईत लिहिलेल्या लघुपटांना एक ठरावीक खोड असते. शेवटी धक्का द्यायचा, आणि त्या धक्क्यासाठी आधीची तीन मिनिटे प्रेक्षकापासून काहीतरी लपवायचे. आई बोलते आहे ती मेलेली निघते, मित्र भास निघतो. दहा पट ओळीने पाहिले की सात असेच. दुसरे, स्पर्धेच्या तारखा शहराच्या सोयीने ठरतात. ऐन कापणीत किंवा रोवण्यात आलेल्या स्पर्धेत आमची मुले कशी उतरणार? तिसरे, विषय बहुधा इंग्रजीत येतो आणि अर्धा तास तो समजून घेण्यात जातो. आणि मुदतीने लेखन पूर्ण होते, चांगले होतेच असे नाही. २०२२मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवून करंडक दिलाच नाही, आणि मोठा गदारोळ झाला. मला तो निर्णय धाडसी वाटला. जी स्पर्धा साठ वर्षे मुदत पाळायला शिकवते, तिला कधीतरी दर्जाचीही आठवण द्यावी लागते. पण ती आठवण देता आली, कारण परीक्षकांपुढे पूर्ण झालेल्या एकांकिका होत्या. अपुऱ्या वहीचे परीक्षण कोणी करू शकत नाही.

याहून मोठी काळजी मला निराळी आहे. त्या पाच जणांना मी नंतर मूळ चार पाने मागितली. पाने नव्हती. एकीच्या मोबाइलमध्ये दोन पानांचा अंधुक फोटो होता, तो मी घेतला. पट स्पर्धेच्या ठिकाणी चढवलेला, आणि एक प्रत ज्या फोनवर होती तो फोन बदलला गेला. हेच झाडीच्या नाटकाचे झाले आहे. हंगामासाठी लिहायचे, प्रॉम्प्टरच्या हाती एक प्रत, हंगाम संपला की ती प्रत कोणाच्या तरी पेटीत, आणि पेटी वाळवीच्या तोंडी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडारीसाठी आयुष्य वेचले म्हणून त्यांचे निदान काही कागदावर राहिले. २०२२मध्ये ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने कंपन्यांची धावपळ पडद्यावर आणली, तेही बरे झाले. पण गेल्या पन्नास वर्षांत या पट्ट्यात जी शेकडो नाटके रात्र रात्र चालली, त्यांच्या संहिता कुठल्याही ग्रंथालयात एकत्र नाहीत. मुदतीसाठी लिहिणारा लेखक मुदत संपल्यावर स्वतःचे लिखाण सांभाळत नाही, हे मला दोन्ही पिढ्यांत सारखेच दिसले.

यंदा पोळा झाल्यावर आमच्याकडे एक लहानसा प्रयोग आम्ही ठरवला आहे. शुक्रवारी संध्याकाळी विषय द्यायचा, तो झाडीबोलीत. रविवारी संध्याकाळपर्यंत पाच मिनिटांचा पट. प्रवेश फी नाही. एकच अट घातली आहे, की पटाबरोबर हाताने लिहिलेली किंवा टंकलेली पटकथा जमा झाली पाहिजे, त्याशिवाय पट दाखवला जाणार नाही. निवडलेले तीन पट मंडईत नाटकाआधी दाखवायला दोन कंपन्यांनी होकार दिला आहे. पटकथा माझ्याकडच्या जुन्या वह्यांबरोबर लोखंडी कपाटात जातील, आणि त्यांची छायाप्रत काढून एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायचे बोलणे चालू आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी झाडीपट्टीतल्या नाटकाची, दंडारीची किंवा खडी गंमतीची जुनी वही असेल तर ती संपादकांमार्फत कळवावी. अपुरी असली तरी चालेल. मूळ प्रत मी ठेवून घेत नाही, फोटो काढून परत करतो. विशेषतः २०१४ ते २०२१ या पटबंदीच्या वर्षांतल्या वह्या हव्या आहेत, आणि धरण होण्याच्या आधीच्या असतील तर मी स्वतः येऊन पाहीन.